एका रस्त्याची दोन राज्यं

अमेरिकेत ब्रिस्टल नावाचं एक मध्यम आकाराचं गाव आहे. त्याच्या मुख्य रस्त्याचं नाव स्टेट स्ट्रीट. रस्त्याच्या अगदी मधोमध, डांबरात, थोड्या थोड्या अंतरावर पितळी पट्ट्या बसवल्या आहेत. पट्टीच्या एका अंगाला लिहिलंय टेनेसी, दुसऱ्या अंगाला व्हर्जिनिया. न्हाव्याचं दुकान टेनेसीत, समोरचं कॉफीचं दुकान व्हर्जिनियात. रस्ता ओलांडला की राज्य बदलतं, महापौर बदलतो, पोलिसांचा गणवेश बदलतो, शाळा कुठली ते बदलतं. गावाच्या वेशीवर म्हणावी अशी शंभर वर्षांहून जुनी दिव्यांची मोठी पाटी आहे. तिच्यावरचे बाण दोन्ही राज्यांकडे बोट दाखवतात आणि खाली लिहिलंय की राहायला हे गाव चांगलं आहे.

बेळगावच्या माणसाने असल्या रस्त्यावर जाऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे आपल्या मंडळाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. पण मी तिथे सीमा बघायला गेलो नव्हतो. मी गेलो होतो एका गाण्याच्या मागे.

दीड वर्ष मी कंपनीच्या कामासाठी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात होतो. शेजारच्या टेबलावर साठीला टेकलेला एक मेनफ्रेमवाला बसायचा. बोलायला कमी, पण कानाला सतत हेडफोन. एकदा विचारलं काय ऐकता, तर दुसऱ्या दिवशी त्याने सहा सीडींचा एक जाडजूड खोका आणून माझ्या कीबोर्डवर ठेवला. 'ॲन्थॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्युझिक'. नाव ऐकून मला वाटलं, सरकारी सांस्कृतिक खात्याचं काहीतरी असणार. तसं ते अजिबात नाही.

हा संग्रह १९५२ सालचा. तो केला हॅरी स्मिथ नावाच्या एका विक्षिप्त माणसाने. चित्रकार, प्रायोगिक फिल्मा काढणारा, आणि जुन्या तबकड्या जमवण्याचं जबरदस्त वेड असलेला. पैशाची चणचण कायमची. त्याने आपल्या तबकड्या विकायला काढल्या तेव्हा फोकवेज कंपनीच्या मोझेस ॲशने त्याला सांगितलं, विकू नकोस, त्यांतून निवडून एक संच कर. स्मिथने १९२७ ते १९३२ या काळात बाजारात आलेल्या तबकड्यांतून ८४ गाणी निवडली आणि तीन भाग केले: कथागीतं, समाजात एकत्र जमून गायची-नाचायची गाणी, आणि नुसती 'गाणी'. सोबत स्वतःच एक पुस्तिका तयार केली. त्यात प्रत्येक कथागीताचा सारांश वर्तमानपत्राच्या मथळ्यासारखा दिलेला. खून, रेल्वे अपघात, बुडालेलं जहाज, सगळं दीड-दोन ओळींत. मला ती पुस्तिका वाचताना सारखं हसू येत होतं.

पण त्याने केलेली खरी गंमत वेगळीच आहे. त्या काळी कंपन्या कृष्णवर्णीयांच्या तबकड्यांची यादी वेगळी काढत आणि डोंगराळ भागातल्या गोऱ्यांची वेगळी. दुकानंही वेगळी, गिऱ्हाइकंही वेगळी. स्मिथने सगळी गाणी एकात एक मिसळली आणि कोण काळा, कोण गोरा हे कुठेच लिहिलं नाही. मिसिसिपी जॉन हर्ट हा कृष्णवर्णीय गायक गोरा डोंगरी माणूस असावा असं कित्येक श्रोते वर्षानुवर्षं समजत होते. १९६३ मध्ये एका तरुणाने हर्टच्या दुसऱ्या एका गाण्यातलं गावाचं नाव नकाशात शोधलं, तिथे जाऊन चौकशी केली, तर म्हातारा जिवंत होता, शेतावर कामाला जात होता. त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो लोकांसमोर गायला बसला.

या ८४ मधलं एक गाणं मला सोडेना. 'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल'. कार्टर कुटुंबाचं. एकट्या बाईचा आवाज, कोरडा, सरळ, कुठेही हुंदका नाही. लग्नाआधीचं मोकळेपण आणि लग्नानंतरचं पाळण्याला बांधलं जाणं, एवढाच विषय. गाणं रेकॉर्ड झालं ते २ ऑगस्ट १९२७ रोजी, ब्रिस्टलमध्ये. नकाशा उघडला. अडीचशे किलोमीटरच्या आत.

त्याच सुमारास अप्पा आणि आई आमच्याकडे राहायला आले होते. अप्पा म्हणजे माझे वडील, मराठी शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. त्यांना न्यूयॉर्क दाखवून झालं होतं, नायगारा दाखवून झाला होता. दोन्हीबद्दलचं मत "बरं आहे की" इतकंच होतं. "अप्पा, एक गाव आहे, अर्धं एका राज्यात आणि अर्धं दुसऱ्या राज्यात," असं म्हटल्यावर मात्र ते पेपर खाली ठेवून म्हणाले, "कधी निघायचं?"

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा होता. बूनपर्यंत रस्ता सरळ चढत जातो, मग माउंटन सिटी, मग शेडी व्हॅली, आणि तिथून पुढे वळणंच वळणं. मोटारसायकलवाले या रस्त्याला 'साप' म्हणतात. आपल्या चोर्ला घाटातून गोव्याला उतरणाऱ्याला त्याची भीती वाटायची नाही, फक्त इथे समोरून एसटी येत नाही. दोन्ही बाजूंनी झाडं लालभडक आणि पिवळी. आई म्हणाली, "हळदी-कुंकू सांडल्यासारखं झालंय." साऊथ होल्स्टन धरणाचं पाणी दिसलं की ब्रिस्टल जवळ आलं.

अप्पा स्टेट स्ट्रीटवर उतरले आणि गाडी येत नाहीसं बघून थेट पितळी पट्टीवर जाऊन उभे राहिले, एक पाय इकडे, एक तिकडे. मी फोटो काढला. ते मात्र हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "ह्यांच्यात भांडण झालंच नाही काय कधी?"

झालं होतं. सीमेची रेषा १८०२ मध्ये मोजली आणि पुढच्या वर्षी दोन्ही राज्यांनी मान्य केली. पण मोजणी चुकली, आपली जमीन पलीकडे गेली, असं व्हर्जिनियाचं म्हणणं पडलं. १८८९ मध्ये गावात पाणीपुरवठ्याच्या कामावरून दोन्ही बाजूंची अशी जुंपली की त्याला लोकांनी युद्धाचंच नाव दिलं. व्हर्जिनिया सुप्रीम कोर्टात गेलं. १८९३ मध्ये निकाल लागला: इतकी वर्षं दोघांनी मानलेली रेषा हीच खरी. पुढे १९०१ मध्ये समझोता झाला, टेनेसीने मुख्य रस्त्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग व्हर्जिनियाला दिला आणि रेषा मधोमध आली.

"म्हणजे चार वर्षांत निकाल," अप्पा म्हणाले. आपला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, हे त्यांनी म्हटलं नाही आणि मीही म्हटलं नाही. कळत्या वयापासून १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत चालणारा हा माणूस. यंदा पहिल्यांदाच त्या दिवशी ते बेळगावात नसणार होते, आणि ही गोष्ट त्यांना टोचत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आम्ही रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी हिंडलो. अप्पांची चौकशी मास्तरांच्या पद्धतीची, मुद्देसूद. कर कुठे जास्त? टेनेसीत विक्रीकर नऊ टक्क्यांच्या वर, व्हर्जिनियात ५.३. पण टेनेसीत पगारावर राज्याचा आयकर नाही, व्हर्जिनियात आहे. म्हणजे शहाण्याने राहावं इकडे आणि खरेदी करावी तिकडे. वाचनालय? दोन्ही गावांचं मिळून एकच. हे त्यांना फार आवडलं. वाचनालयाच्या दारापर्यंत जाऊन ते पाटी वाचून आले. शेवटी बाकावर बसल्यावर म्हणाले, "हे बघ, इथं दोन्हीकडं भाषा एकच आहे. दुकानाच्या पाट्या एकाच भाषेत, कोर्टाचा कागद एकाच भाषेत. पोराला शाळेत घालताना कुठल्या माध्यमात घालू हा प्रश्न नाही. म्हणून पट्टी रस्त्यात राहिली. डोक्यात गेली नाही." मला ते पटलं. ब्रिस्टलकडे बघून आपल्याकडच्या लोकांना शहाणपणाचे धडे देणं सोपं आहे, पण ती तुलना अर्ध्यावरच थांबते.

आता गाण्याकडे. व्हर्जिनियाच्या बाजूला 'बर्थप्लेस ऑफ कंट्री म्युझिक' नावाचं संग्रहालय आहे, २०१४ मध्ये उघडलेलं. त्याचा सगळा भर १९२७ च्या उन्हाळ्यातल्या दोन आठवड्यांवर आहे. व्हिक्टर कंपनीचा राल्फ पीर दोन तंत्रज्ञ आणि यंत्रसामग्री घेऊन इथे आला. स्टेट स्ट्रीटवर टेनेसीच्या बाजूला टोप्यांच्या कंपनीची एक इमारत होती, तिचे वरचे मजले भाड्याने घेतले, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या-ब्लँकेटं टांगली. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या काळात १९ संचांची ७६ ध्वनिमुद्रणं झाली. ती इमारत आता नाही. संग्रहालयात मात्र सगळं उभं केलं आहे, ऐकायला कानाचे फोन आहेत, आणि एका खोलीत मूळ गाणं घेऊन त्यातले सूर स्वतः कमी-जास्त करून बघता येतात. माझी तासभराची सोय तिथेच झाली.

इंजिनियर म्हणून मला थांबवलं ते यंत्राने. त्याआधी गायकाला मोठ्या कर्ण्यात तोंड घालून ओरडावं लागे. १९२५ पासून विजेचा मायक्रोफोन आला आणि हळू आवाजही तबकडीवर उतरू लागला. पण तबकडी फिरवायला मात्र विजेवर भरवसा नव्हता, दाब कमी-जास्त झाला की वेग बदलणार, वेग बदलला की सूर बदलणार. म्हणून घड्याळाच्या लंबकासारखं जड वजन दोरीने वर चढवायचं आणि ते एका चालीत खाली येताना मेणाची तबकडी फिरवायची. विहिरीच्या रहाटाचा हिशोब. आवाज पकडायला नवं तंत्र, वेळ पकडायला जुनं. चांगल्या सिस्टिम अशाच असतात, हे आमच्या आर्किटेक्टला सांगायचं राहून गेलं.

सुरुवातीला गायकांची गर्दी नव्हती. मग स्थानिक पेपरात बातमी आली की अर्नेस्ट स्टोनमन नावाच्या सुताराला आदल्या वर्षी तबकड्यांच्या हक्कापोटी ३६०० डॉलर मिळाले. दुसऱ्या दिवसापासून डोंगरातून माणसं येऊ लागली.

कार्टर मंडळी पंचवीसेक मैलांवरच्या मेसेस स्प्रिंगहून आली. ए.पी. कार्टर, त्याची बायको सेरा, आणि सेराची नात्यातली बहीण मेबेल, जी ए.पी.च्या भावाची बायको. गाडी त्या भावाचीच, उसनी. त्या बदल्यात ए.पी.ने त्याच्या मक्याच्या शेतात खुरपणी करून द्यायची, असा करार झाल्याचं सांगतात. मेबेल अठरा वर्षांची, आठवा महिना लागण्याच्या बेताची. सेराचं मूल अंगावर पिणारं. रस्ता कच्चा, मध्ये नदी. आई ते चित्र बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ह्या बायकांना कोणी विचारलं असेल काय, तुम्हाला यायचंय म्हणून?" मला सोडत नसलेलं गाणं सेराला स्वतःला आवडत नव्हतं, पीरच्या आग्रहाखातर तिने ते म्हटलं, अशी नोंद आहे. ए.पी.चा आवाज त्यात नाही. सेरा गाते आणि मेबेल गिटार वाजवते. मेबेलचा अंगठा खालच्या सुरांवर चाल वाजवतो आणि बोटं वरच्या तारांवर ताल धरतात, म्हणजे एकाच गिटारीत दोन माणसं बसल्यासारखं वाटतं. पुढे अमेरिकेतल्या निम्म्या गिटारवाल्यांनी ही रीत उचलली.

तबकड्यांच्या काचेच्या कपाटापाशी अप्पा एकदम थांबले. "अरे, हा आपला कुत्रा!" व्हिक्टरच्या लेबलवर तोच, कर्ण्याला कान लावून बसलेला. एचएमव्हीचा आणि व्हिक्टरचा कुत्रा एकच. आजोबांकडच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकडीवर तो होता, असं अप्पा सांगतात.

या डोंगरी गाण्याला लोक 'अस्सल अमेरिकन' म्हणतात. पण जरा उकलून बघितलं तर बँजो मूळ आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेला, फिडल आणि कथागीतं स्कॉटलंड-आयर्लंडकडची, सरकती गिटार हवाई बेटांवरची. ब्रिस्टललाच ४ ऑगस्टला जिमी रॉजर्स गायला, क्षयाने पोखरलेला रेल्वेचा कामगार. त्याचं गळ्यातलं योडलिंग आल्प्सच्या डोंगरातलं. आणि ही वाट एकेरी नाही. रॉजर्सच्या तबकड्या केनियात पोचल्या. १९५० मध्ये ह्यू ट्रेसी हा संग्राहक तिथे गेला तेव्हा किप्सिगिस जमातीच्या मुली एक गाणं म्हणत होत्या, 'चेमिरोचा' नावाच्या, अर्धा माणूस अर्धा हरीण असलेल्या प्राण्याबद्दलचं. चेमिरोचा म्हणजे जिमी रॉजर्स! तेही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळतं. जरूर ऐका, दीड मिनिटाचं आहे.

एक नाव मात्र मला त्या सगळ्या लखलखाटात पुन्हा पुन्हा शोधावंसं वाटलं. लेस्ली रिडल. हा कृष्णवर्णीय गिटारवादक, सिमेंटच्या कारखान्यात अपघात होऊन एक पाय गमावलेला. १९२८ च्या सुमारास ए.पी.ची आणि त्याची गाठ पडली. ए.पी. गावोगाव हिंडून गाणी गोळा करायचा. शब्द तो कागदावर उतरवून घेई, पण चाल त्याच्या डोक्यात राहत नसे. चाल रिडल लक्षात ठेवायचा. घरी आल्यावर तो ती सेरा-मेबेलला वाजवून दाखवी. मेबेलनेही त्याच्याकडून गिटारीतल्या गोष्टी शिकल्याचं मान्य केलं आहे. तबकड्यांवर नाव मात्र ए.पी. कार्टरचं, हक्कही त्याच्याच नावाने. आमच्या कामात एखाद्या फाइलवर 'गिट ब्लेम' मारलं की कुठली ओळ कोणाची ते समोर येतं. या गाण्यांवर तसं काही मारता येत नाही. रिडल पुढे रॉचेस्टरला राहायला गेला, वाजवणं सोडून दिलं. साठच्या दशकात माइक सीगरने त्याला शोधून काढलं आणि त्याचं वाजवणं मुद्रित केलं. ती तबकडी निघाली १९९३ मध्ये, रिडल गेल्यानंतर.

मी हे सगळं अप्पांना गाडीत सांगत होतो. ते म्हणाले, "आमच्याकडं उलटं झालंय." म्हणजे काय, तर आजी पहाटे जात्यावर ज्या ओव्या म्हणायची, त्यांचे शब्द अप्पांना पाठ आहेत. वहीत लिहूनही ठेवलेत. पण चाल त्यांना येत नाही, गायला लागले की भजनाची चाल लागते. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या पुष्कळ आवाजासकट, हे अप्पांनी कुठेतरी वाचलं होतं. "पण त्यात आमची आई नाही," ते म्हणाले.

संध्याकाळी हिल्टन्स गाठलं. ब्रिस्टलहून पाऊण तास, डोंगराच्या पायथ्याने. इथे ए.पी.चं जुनं किराणा दुकान आहे, आणि शेजारी त्याच्या मुलीने, जॅनेट कार्टरने, १९७० च्या दशकात सुरू केलेलं 'कार्टर फॅमिली फोल्ड'. टेकडीच्या उतारावर बांधलेली मोठी लाकडी शेड समजा. दर शनिवारी रात्री साडेसातला गाणं. दारू बंद, वाद्यांना वीज बंद. फक्त जॉनी कॅशला विजेची सूट होती, तो या घरचा जावई. २००३ च्या जुलैमध्ये, मरणाच्या दोन महिने आधी, तो शेवटचं इथेच गायला. खायला घेवड्यासारख्या दाण्यांचं पातळ कालवण आणि मक्याचा ब्रेड. आईने दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा पर्समधून लसणीची चटणी काढली.

रंगमंचासमोर लाकडी जमीन मोकळी ठेवलेली. फिडल सुरू झालं की सत्तरीच्या आज्या, सहा वर्षांची पोरं, सगळे बुटाच्या तळाला लोखंडी पत्री लावून टापा वाजवत नाचायला उतरतात. कोणी कोणाकडे बघत नाही, कोणी मोबाइल वर धरत नाही. अप्पांनी पूर्ण वेळ मांडीवर ठेका धरला होता. तो बहुधा धुमाळी होता, पण चालून गेला.

तिथून थोड्या अंतरावर चर्चच्या आवारात ए.पी. आणि सेरा यांच्या कबरी आहेत, उजेड असताना आम्ही तिकडे जाऊन आलो होतो. सेराने ए.पी.ला सोडलं, घटस्फोट घेतला, त्याच्याच चुलतभावाशी लग्न करून कॅलिफोर्नियाला गेली. पण पुरली गेली ती इथेच. दोघांच्याही दगडावर सोनेरी तबकडी बसवली आहे, एकाच गाण्याची. आई म्हणाली, "आता तरी एकटं राहू द्यायचं की तिला."

कार्यक्रम सुटला तेव्हा दहा वाजत आले होते. म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे साडेसात. गाडी अजून पार्किंगमध्येच होती, समोरच्या गाड्या निघायची वाट बघत, आणि अप्पा म्हणाले, "खानापूरला फोन लाव." खानापूरला आत्या असते. ऐंशीच्या घरातली, आजीबरोबर जात्याला बसलेली शेवटची.

आधी पाच मिनिटं पाऊस, गुडघे आणि शेजारणीच्या सुनेचं बाळंतपण झालं. मग अप्पांनी विषय काढला. "आत्ता? सक्काळी सक्काळी? जातं कुठं आहे आता," आत्या म्हणाली. अप्पांनी पहिली ओळ वाचल्यासारखी म्हटली, त्यांच्या भजनाच्या चालीत. पलीकडून लगेच आवाज आला, "असं नव्हे रे ते," आणि तिने सुरू केलं. मी फोन डॅशबोर्डवर ठेवला आणि बायकोच्या फोनवर रेकॉर्डिंग चालू केलं. आवाज चिरका, मध्ये मध्ये दम लागत होता, पण ओवीच्या शेवटाला सूर जिथे खाली उतरायचा तिथे नेमका उतरत होता. अप्पा ओठांतल्या ओठांत शब्द म्हणत होते, तिला आठवायला लागू नयेत म्हणून पुढची ओळ आधी सांगत होते.

चार ओव्या झाल्या. पाचवी अर्ध्यावर होती.

"नळाला पाणी आलंय," आत्या म्हणाली. "ठेव आता. दुपारी कर."